पाण्यामागची खोप

सत्यजीतने फोनवर विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. "मॅडम, आमची खोप तवा नेमकी कुठं होती?"

मी आधी तलाव डोळ्यांसमोर आणला. न्हावऱ्याच्या पुढे, मांडवगण फराट्याकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की पिंपळदऱ्याचा तलाव लागतो. बांध, सांडवा, पलीकडच्या काठावर बाभळींची रांग. खोप सांडव्याजवळ होती, हे मला स्पष्ट आठवत होतं. ती मधल्या काळ्या खडकापाशी होती, हेही तितकंच स्पष्ट आठवत होतं. आणि उन्हाळ्यात तळाच्या गाळात टरबुजाचे वेल पसरायचे, तिथेही ती होतीच.

"सगळीकडे होती," मी म्हणाले.

"तसं न्हाई मॅडम. एक जागा सांगा. मला परत उभी करायचीय."

सत्यजीतचे आजोबा भिमाजी या तलावात मासे धरत. संक्रांतीनंतर पाणी उतरायला लागायचं. कालव्याला, उसाला, शेतातल्या मोटारींना पाणी जायचं आणि काठ रोज थोडा मागे सरायचा. जाळी वाळवायची, मासे निवडायचे, पाण्यात उतरायच्या ट्यूबमध्ये हवा भरायची, सगळी कामं पाण्याकाठची. म्हणून खोपही पाण्यामागे खाली सरकायची. चार लाकडी मेढी, बाजूला तुराट्यांचा कूड, वर उसाचं पाचट. सकाळी मोडायची आणि दुपारच्या भाकरीला नव्या जागी उभी. होळीपर्यंत ती खडकाशी पोचायची आणि उन्हाळा भरात आला की तळात. पावसात तळ बुडाला की भिमाजी आणि त्यांची बायको मुक्ताबाई गावात भावकीच्या ओसरीवर जात आणि पाणी निवळायची वाट बघत.

मी तिथे एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी गेले होते. पाणी ऋतूप्रमाणे किती गढूळ होतं आणि त्याबरोबर पाण्यातले सूक्ष्म जीव कसे बदलतात, असा माझा विषय. एक काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी होते तिथली खोली मोजायची आणि बाटल्यांत नमुने भरून पुण्याला न्यायचे. राहायची सोय तलावाच्या चौकीत होणार होती. पण पहिल्या दिवशी चौकीला कुलूप होतं आणि किल्लीवाला लग्नाला गेला होता. म्हसोबाच्या देवळात गळवाले आधीच पथाऱ्या टाकून बसले होते. पुण्याहून शनिवारी बांबूच्या काठ्या घेऊन मासे धरायला येणारे हे लोक, कुणी बँकेतले, कुणी पोस्टातले. त्यांच्यात मला जागा मागता येईना. मुक्ताबाईंनी माझ्याकडे आणि माझ्या खोक्याकडे पाहिलं.

"ह्या बाटल्यांत दारू न्हाई ना?"

"नाही. पाणी भरायचंय."

"पुण्यात पाणी न्हाई व्हय?" असं म्हणून त्यांनी खोक्यासकट मला आत घेतलं. त्यानंतर चौकी उघडली का, हे मी कधी विचारलंही नाही.

*

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी न्हावऱ्याच्या स्टँडवर उतरले. सत्यजीत मोटारसायकल घेऊन आला होता. तिशीचा, दाढी कोरलेली, बोलण्यात घाई. रांजणगावला एका कंपनीत रात्रपाळ्या करून कंटाळला होता आणि आता त्याने नोकरी सोडून तलावाकाठी खोल्या बांधल्या होत्या. रविवारपासून पाहुणे येणार होते.

"चारही खोल्या फुल झाल्यात मॅडम. आज तीन नंबर तुम्हाला. उद्या सकाळी तिथं एक साहेब येणारेत, हडपसरचे. मग तुम्हाला आपल्या घरी सोडतो."

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या. कांद्याच्या काढणीला आलेल्या बायका बांधावर जेवत बसल्या होत्या. वळणावरून तलाव दिसला आणि मी नकळत सत्यजीतच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने गाडी हळू केली. पाणी तेच होतं, करडं, वाऱ्याने एका बाजूला सुरकुतलेलं. पलीकडच्या काठावर कुणीतरी नारिंगी तंबू लावले होते. त्यांच्या मागे एक निळा कंटेनर होता, त्याला खिडक्या पाडलेल्या. आमच्या वेळी मात्र मुक्कामाला एक देऊळ, एक कुलूपबंद चौकी आणि एक खोप एवढंच असायचं.

बांधाच्या टोकाला त्यांची जी थोडी जमीन आहे, तिथे चार खोल्या एका ओळीत होत्या. पाटीवर लिहिलं होतं, 'भिमाजी फिशिंग स्टे'. आणि खोल्यांच्या समोर, पाण्यापासून बऱ्याच वर, खोप.

मी तिच्याभोवती एक फेरी मारली. तुराट्यांचा वास तोच होता. पाचटही नीट शाकारलेलं. खाली वाकून पाहिलं, तर मेढी सिमेंटमध्ये रोवलेल्या.

"बघितलंस?" आतून आवाज आला. "खोपीचं पाय सिमिटात! म्हातारा असता तर हसता हसता पाण्यात पडला असता."

मुक्ताबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पूर्वी त्या माझ्यापेक्षा उंच होत्या. आता उठायला त्यांनी मेढीचा आधार घेतला, आणि उठल्या तरी कंबर पूर्ण सरळ झाली नाही. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, मग केसांकडे पाहिलं.

"पांढरी झालीस गं अनू."

"तुम्ही नाही झालात, मावशी."

"मी आदीच झाले हुते. तू बाटल्यांत बघत हुतीस." मग त्यांनी हातातल्या फुंकणीने खोल्यांकडे दाखवलं. "मला त्यातली एक पायजे. तीन नंबरची. ह्याला सांग."

सत्यजीत हसला. "आजीचं रोज एक नवीन असतंय मॅडम. परवा म्हणली एसी पायजे."

"एसी न्हाई, पंखा म्हणले मी."

"बरं, पंखा." त्याने मला समजावून सांगितलं. पाहुणे खोल्यांत राहणार. जेवायला खोपीवर येणार. आजी चुलीवर भाकरी करणार, कटला माशाचं कालवण करणार, जुन्या गोष्टी सांगणार. आजीचा मुक्काम खोपीतच, म्हणजे पाहुण्यांना सकाळी उठल्या उठल्या चूल पेटलेली दिसेल. "लोकं रिसॉर्टला कंटाळलीत. त्यांना हेच पायजे. ही खोप आन् ही आजी."

"आन् आजीला काय पायजे?" मुक्ताबाई म्हणाल्या.

"तुला तंबाखू पायजे."

तो हसला. मीही हसले. मुक्ताबाई चुलीत फुंकर घालायला वाकल्या.

*

दुपारी मी तीन नंबरच्या खोलीत आडवी झाले. झोप आली नाही, पण एक सकाळ आठवत राहिली.

मार्च असावा. उजाडल्याबरोबर भिमाजी खोपीबाहेर उभे राहून पाण्याकडे बघत होते. "गेलं गं खाली," एवढंच ते म्हणाले आणि मुक्ताबाई भांडी गोळा करायला लागल्या. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. जाळी आधी गेली, मग कूड, मग पाचटाच्या पेंढ्या. मुक्कामाला असेल त्याने काहीतरी उचलायचं, अशी तिथली रीत होती. एका पोस्टमास्तरांनी मेढ खांद्यावर घेतली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाने ते सगळ्यांना धक्के देत चालले होते. "मास्तर, सरळ बघा! तुमचं टपाल आमच्या डोक्यात पडतंय," भिमाजी ओरडत होते. माझ्या हातात माझं बाटल्यांचं खोकं आणि मुक्ताबाईंचा पितळी तांब्या. पायाखालची माती आदल्या आठवड्यात पाण्याखाली होती. ती वरून वाळलेली आणि आतून गार होती. तिच्यावर शिंपल्यांची कवचं आणि बगळ्यांच्या पायांचे ठसे. सगळ्यात शेवटी चुलीचे धोंडे आले. ते मांडून झाले की मुक्ताबाई म्हणत, "आलं घर." आणि खरंच, त्या उघड्या उतारावर, जिथे सकाळी काहीच नव्हतं, घर आलेलं असे.

पुढे मी पुष्कळ ठिकाणी राहिले. वसतिगृहात, भाड्याच्या घरांत, परिषदांच्या निमित्ताने बऱ्या हॉटेलांत. पण मुक्काम हा शब्द ऐकला की मला तो उतारच दिसतो.

हे आठवत असताना एक गोष्ट उशिरा माझ्या लक्षात आली. मी पलंगावर आडवी होते आणि मला पाणी दिसत होतं. उशीवरून मान न उचलता, बाभळीपर्यंतचं सगळं पाणी. मी उठले आणि शेजारच्या खोलीत डोकावले. तिथली खिडकी नेहमीच्या उंचीची होती. पलंगावरून नुसतं आभाळ दिसत होतं. एक नंबर, चार नंबर, तिथेही तसंच. तीन नंबरची खिडकी तेवढी हातभर खाली होती.

अकबर मिस्त्री माझ्याच दाराला आतली कडी बसवत होते. न्हावऱ्याचे, साठीच्या आसपासचे. खोल्या त्यांनीच बांधल्या होत्या.

"मिस्त्री, ही एकच खिडकी खाली कशी?"

त्यांनी सत्यजीत जवळपास नाही ना, ते पाहिलं. "आजीनं घेतली खाली."

"म्हणजे?"

"काम जोत्यावर आलं तवा रोज यायच्या. एक दिवस ह्या खोलीत जमिनीवर आडव्या झाल्या. म्हणल्या, अकबर, इथं खाट यील. मला इथनं पाणी दिसाय पायजे. मी म्हणलं, आजी, उठून बघायचं की. तर म्हणल्या, जलमभर उठूनच बघितलं रे." त्यांनी कडी सरकवून पाहिली. "पोराला मी सांगितलं, माप चुकलं. लई बोलला मला. बोलू द्या. आन् ही कडी बी त्यांचीच फर्माईश. आतनं. जाड पायजे, म्हणल्या."

मी कडीला हात लावून पाहिला. खोपीच्या दाराला पोतं असायचं. रात्री वारा आला की ते आत-बाहेर व्हायचं आणि मला ते गलबताच्या शिडासारखं वाटायचं. मुक्ताबाई त्याच्या कडेला झोपायच्या, विळा उशाशी घेऊन. पोत्यातून कुत्री येत, कधी पिऊन भरकटलेला एखादा गळवाला येई. हे मी पाहिलेलं होतं. आठवणीत ते कधी येत नसे, इतकंच.

*

ऊन उतरल्यावर सत्यजीतने मला खोपीसमोर खुर्चीवर बसवलं आणि मोबाइल उभा धरला. त्याला माझा छोटा व्हिडिओ हवा होता. पुण्याच्या प्राध्यापकबाई, तरुणपणी इथे राहिलेल्या, खोपीबद्दल सांगतायत.

"मनापासून बोला मॅडम. कसं वाटायचं, ते."

मी मनापासूनच बोलले. पहाटे पाण्यावर धूर असायचा, तो धूर नसून धुकं असायचं, आणि भिमाजी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसून त्यातून बाहेर यायचे तेव्हा आधी त्यांची बिडी दिसायची, हे सांगितलं. मरळ मासा चुलीवर भाजताना त्याचं कातडं कसं फुटतं, ते सांगितलं. सत्यजीत मान डोलवत होता. मग मी म्हणाले, "थंडीत वारा तुराट्यांतून सरळ आत येतो. पाचटात विंचू असतात, मला एकदा चावलाय. दाराला पोतं होतं. बायकांना उजाडायच्या आत झुडपांत जावं लागायचं, वाट चिखलाची असली तरी. ते दिवस मला माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले वाटतात. मी शनिवारी यायचे आणि सोमवारी घरी जायचे."

त्याने मोबाइल खाली घेतला.

"हे शेवटचं कापावं लागंल."

"काप. पण ते खरं आहे."

"मग आवडत न्हवतं तर येत कशाला हुतात?"

"आवडत होतं. अजून आवडतं. सत्यजीत, मावशी खोली मागतात ती गंमत नाही."

कुडातली एक तुराटी बाहेर आली होती, ती त्याने आत खोचली. "आबा मला चुलीचा धोंडा द्यायचे. बारका. म्हणायचे, घर तुझ्या हातात हाय, पाडू नको. मी दोन्ही हातांनी छातीशी धरून न्यायचो. आबा गेले आन् खोप मोडली, ती परत उभीच राहिली न्हाई. मला तेवढंच करायचं हुतं मॅडम. आजी आत नसली तर ही कशाची खोप? नुसता गोठा हाय."

मला त्याचं म्हणणं कळत होतं. माझ्याही मनात त्या खोपीत चुलीपुढे मुक्ताबाईच होत्या. त्यांना तिथून उठवलं तर मागे उरतं ते माझंही काही फार नव्हतं.

मुक्ताबाई खोपीच्या मागून आल्या. खांद्यावर गोधडीची वळकटी होती. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"सत्या, तुझा आबा हौस म्हणून खोप हलवत न्हवता. पाणी सरकायचं म्हणून हलवायचा. आता जाळं कोण टाकतंय? तू टाकतुस?"

"न्हाई."

"मग खोप कशाला?"

"पाहुण्यांना आवडती आजी."

"मग पाहुण्यांना झोपव की हितं."

"ते न्हाई झोपणार."

"का?"

सत्यजीतने मोबाइल खिशात घातला.

"का न्हाई झोपणार? सांग की."

"...संडास न्हाई," तो म्हणाला.

तीन नंबरच्या चौकटीशी अकबर मिस्त्रींना खोकला आला. बराच वेळ आला.

"तुला आठवण येती, हिला आठवण येती," मुक्ताबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "येऊ द्या. चांगलीच हाय आठवण. मला बी येती म्हाताऱ्याची. पण कंबर माजी हाय. ज्याला खोप पायजे त्यानं खोपीत झोपावं."

आणि त्या चालायला लागल्या. एका हाताने भिंत धरत, एक नंबर, दोन नंबर ओलांडून, तीन नंबरमध्ये गेल्या. सत्यजीत दोन पावलं त्यांच्यामागे गेला आणि थांबला. "उद्या तिथं बुकिंग हाय," तो म्हणाला, पण ते त्याने मलाच सांगितलं.

दिवेलागणीला मी खोलीत गेले, तेव्हा मुक्ताबाईंनी एका पलंगावर स्वतःची गोधडी घातली होती आणि दुसऱ्यावर माझी चादर झटकून ठेवली होती. मी आत आल्यावर त्यांनी कडी लावली. मग काढली. मग परत लावली आणि पलंगावर जाऊन बसल्या. खिडकीतून खोपीत कंदील लागलेला दिसला. सत्यजीत उशी घेऊन आत वाकत होता. मेढीला डोकं आपटलं असावं, कारण त्याने मेढीकडे रागाने पाहिलं.

*

सकाळी दारावर थाप पडली तेव्हा ऊन पाण्यावर आलं होतं. मुक्ताबाई जाग्या होत्या. कुशीवर, हात गालाखाली घेऊन, बाहेर बघत होत्या. दोन पाणकावळे बुडून वर येत होते, त्यांतला कुठला आधी वर येतो याकडे त्यांचं लक्ष होतं.

"आजे," बाहेरून सत्यजीतचा आवाज. बसलेला. "चूल पेटंना."

"ओलं सरपण घातलं असशील."

"धूरच धूर झालाय. पाहुणे आलेत."

"च्या कर त्यांना. ग्यास हाय की."

मग तो दाराच्या अगदी जवळ येऊन हळू बोलला. "आजे, हडपसरचं साहेब आलेत. तीन नंबरवालं. गाडीतनं बॅगा काढत्यात."

मुक्ताबाई उठून बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात गोधडीवर ठेवून त्या कडीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्या आता उठतील. जन्मभर कुणी आलं की त्या उठल्या होत्या. त्यांच्या वतीने मी आदल्या दिवशी बोलले होते तेवढं पुरे होतं.

"सत्या," त्या म्हणाल्या, "मी झोपलेय."

मग त्याची पावलं दूर गेली. गाडीचा दरवाजा लागला. एक भारदस्त आवाज आपण आगाऊ सांगितल्याचं बोलत होता. आणि मग सत्यजीत, कंपनीत शिकलेल्या त्या अदबीच्या मराठीत, पण सकाळपासूनच्या धुराने घोगऱ्या झालेल्या गळ्याने म्हणाला, "सॉरी साहेब, माझ्याकडून चूक झाली. तीन नंबर द्यायची नसते. तिथं आमच्या आजी राहतात. तुम्हाला माझ्या घरातली खोली देतो, नाही आवडली तर पैसे परत."

साहेब काहीतरी पुटपुटले. मग विचारलं, "आणि ती झोपडी कुणाची?"

"ती माझी," सत्यजीत म्हणाला.

मुक्ताबाई परत आडव्या झाल्या. पाय पोटाशी घेतले, गोधडी खांद्यापर्यंत ओढली. बाहेर सरपण फोडल्याचा आवाज यायला लागला. एक घाव नीट बसला, दुसरा हुकला. त्या ऐकत होत्या. हुकलेल्या घावाला त्यांची भुवई किंचित वर गेली, पण त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. उन्हाचा पट्टा पलंगाच्या पायथ्यापर्यंत आला होता, आणि त्या झोपल्या होत्या.